जुन्या कोब्याला विटांचे रूप

सोलापूरच्या कामगार वस्त्यांतून हिंडताना एक गोष्ट सहज लक्षात येते. घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे, फाटकापासून उंबऱ्यापर्यंतची दोन-तीन हात रुंदीची वाट बहुधा सिमेंट-काँक्रीटची असते. घराचे काम संपत आले की उरलेली खडी, वाळू आणि अर्धे पोते सिमेंट गोळा करून गवंडी ती एका दुपारी उरकून टाकतो. भिंतींना रंग मिळतो, दाराला पॉलिश मिळते, पण ही वाट करडी ती करडीच राहते. कुंभारी येथे 2006 साली विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तेथेच रे नगरातील पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये असंघटित कामगारांच्या हाती आली. ज्यांच्या दोन पिढ्या भाड्याच्या खोलीत गेल्या, त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या दारापुढची पाच-दहा फूट जागा ही क्षुल्लक गोष्ट नाही. ती नीटनेटकी दिसावी, लाल विटांच्या वाटेसारखी शोभावी असे वाटले तर त्यात चैन कसली?

मात्र या हौसेपायी पैसे वाया जातात ते नेमक्या एका ठिकाणी. घरात लग्न ठरते, चौदा एप्रिल जवळ येतो, पाहुणे येणार असतात. मग दुकानातून तांबड्या ऑइलपेंटचा डबा येतो, कोब्यावर दोन हात मारले जातात आणि पांढऱ्या रंगाने विटांच्या रेघा ओढल्या जातात. आठ दिवस वाट देखणी दिसते. पहिल्या पावसात रंगाखाली ओल शिरते, फोड येतात, पापुद्रे सुटतात. दिवाळीपर्यंत वाटेची अवस्था खरूज झालेल्या अंगासारखी होते. तेही एक वेळ चालेल. पण रंगाच्या त्या गुळगुळीत पापुद्र्यावर पाणी पडले की तो निसरडा होतो, आणि पहाटे नळाचे पाणी भरायला घागर घेऊन निघालेली आजी त्याच्यावरून घसरते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते, हे ज्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको.

केवळ दोन-चार दिवसांच्या कार्यासाठी शोभा हवी असेल तर ऑइलपेंटच्या वाटेला जाऊच नये. गेरू कालवून वाट सारवावी आणि चुन्याच्या निवळीने रेघा ओढाव्यात. खर्च नाममात्र, आणि पावसाने धुऊन गेले तरी खाली काही बिघडत नाही. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली गेली म्हणून कोणी हळहळत नाही, तसेच हे. टिकाऊ काम हवे असेल तर मात्र रंग सिमेंटच्या अंगातच मुरलेला हवा. सोलापुरी चादरीचे उदाहरण आपल्या घरातच आहे. तिची नक्षी छापलेली नसते, जॅकार्डच्या मागावर विणलेली असते, म्हणून चादर विरेपर्यंत ती टिकते.

सिमेंटला विटांचे रूप देणे म्हणजे खोटेपणा, असेही काही जण म्हणतात. त्यांनी सिमेंटचा जन्म आठवावा. इंग्लंडमधील लीड्स येथे गवंडीकाम करणाऱ्या जोसेफ ॲस्पडिन याने 21 ऑक्टोबर 1824 रोजी ज्याचे पेटंट घेतले, तो कृत्रिम दगड तयार करण्याचा शोध होता. हा माल सुकल्यावर पोर्टलंडच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखा दिसतो, म्हणून त्याने त्याला ‘पोर्टलंड सिमेंट’ नाव दिले. आजही प्रत्येक पोत्यावर हे नाव छापलेले असते. दुसऱ्या वस्तूसारखे दिसणे हे सिमेंटच्या नावातच आहे! पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन याने ओल्या, रंगीत काँक्रीटवर साच्यांचे ठसे उमटवून विटांचा आणि दगडांचा आभास निर्माण करण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडे मोठ्या बंगल्यांच्या आवारात हल्ली हे काम दिसते. पण ठसा उमटतो तो ओल्या काँक्रीटवर. दहा वर्षांपूर्वी घट्ट झालेल्या कोब्यावर ठसा कसा उमटणार? त्याच्यावर नवा पातळ थर चढवावा लागतो, आणि सगळी मेख त्या थरात आहे. जुन्याशी तो एकजीव झाला तर वर्षानुवर्षे टिकेल, नाही तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटेल.

म्हणून आधी जुना कोबा तपासावा. हातोडीच्या दांड्याने जागोजाग ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज येईल तिथे खालची माती खचलेली आहे किंवा वरचा थर सुटलेला आहे. ती जागा फोडून पुन्हा भरल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग बादलीभर पाणी ओतावे आणि ते कोठे थांबते, कोणत्या बाजूला पळते हे पाहावे. वाटेचा ढाळ घराकडून बाहेर असला पाहिजे, दर फुटाला पाव इंच तरी. ढाळ उलटा असेल तर विटांच्या नक्षीने पाणी थांबणार नाही, ते घरातच येईल. ढाळ सुधारण्याची संधी याच वेळी असते. नवा थर चढल्यावर उंबऱ्याची उंची किती उरते, फाटक उघडताना खाली घासेल का, तेही आताच मोजावे. मोरीच्या चेंबरचे झाकण थराखाली गाडून टाकणारे महाभाग आहेत. पुढे मोरी तुंबली म्हणजे विटांची नक्षी फोडत झाकण शोधत बसावे लागते.

भेगांचा प्रश्न सोलापुरात फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेली काँक्रीटची पट्टी वर्षातून एकदा वर-खाली होते. कोब्याला पडलेली भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी सिमेंटची पातळ टिकली लावावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा थांबावे. टिकली तशीच राहिली तर भेग मेलेली समजावी आणि भरून टाकावी. टिकली तडकली तर ती भेग पुन्हा उघडणारच. अशा ठिकाणी नव्या थरात तेवढ्या रेषेवर सांधा मोकळा ठेवावा आणि विटांची दरज नेमकी तेथेच यावी अशी आखणी करावी. मग भेग उघडली तरी ती दरजेत लपते. काँक्रीट टाकताना मुद्दाम ठेवलेले सांधे असतील तर त्यांनाही हाच नियम.

आता प्रत्यक्ष काम. त्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत पहिली पायरी एकच. जुन्या कोब्यावरची धूळ, तेल, शेवाळ आणि रंग तारेच्या ब्रशने घासून काढावा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर छिन्नीने दाट टाचे मारावेत. मग स्वच्छ धुऊन रात्रभर ओला ठेवावा. थर चढवताना कोबा आतून ओला पण वर पाणी न साचलेला असा हवा.

पहिली पद्धत आपल्या जुन्या लाल कोब्याची. जुन्या वाड्यांतून, चाळींतून लाल ऑक्साइडची जमीन कित्येकांनी पाहिली असेल. तोच माल, फक्त त्याच्यावर विटांच्या रेषा. एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू, थराची जाडी पाऊण इंच. तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब अशा साठ चौरस फुटांच्या वाटेला साधारण एक पोते सिमेंट, चार घनफूट वाळू आणि अडीच किलो लाल ऑक्साइड लागते. म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या शेकडा पाच रंग. शेकडा दहाच्या वर रंग कधीही घालू नये, माल कमकुवत होतो. सगळे सिमेंट आणि सगळा रंग कोरडाच एकदम मिसळून, दोनदा चाळून ठेवावा. दर घमेल्याला मूठ-मूठ रंग टाकत गेले की पहिली वीट जांभळी आणि शेवटची गुलाबी होते.

रंग घेताना ‘लाल ऑक्साइड’ असेच मागावे. गेरू सारवणासाठी चांगला, पण त्यात माती असते आणि ती सिमेंटची पकड ढिली करते. ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंजच, तो उन्हाने आणखी काय उडणार? सोलापूरच्या उन्हात टिकणारा रंग हाच.

ओल्या कोब्यावर सिमेंटची रबडी ब्रशने घासून लावावी आणि ती ओली असतानाच माल टाकावा. रबडी सुकल्यावर टाकलेला माल चिकटत नाही, आणि थर सुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. पाट्याने माल सारखा करून रंध्याने फिरवावा. येथे गवंड्याला आवर्जून सांगावे लागते की, थापीने घोटू नका. हात बसलेला गवंडी सवयीने आरसा करायला जातो. घरात ती कारागिरी, उघड्या वाटेवर ती घसरगुंडी. अंगठा दाबला असता जेमतेम ठसा उमटेल इतका माल घट्ट झाला की पट्टी धरून जाड सळईच्या वाकवलेल्या टोकाने रेषा दाबाव्यात. त्या फार खोल नकोत. काठी टेकत चालणाऱ्याची काठी अडकू नये, चाकाच्या खुर्चीला हादरे बसू नयेत, इतक्याच. आठ-दहा दिवसांनी त्यात करडे सिमेंट भरून ओल्या स्पंजने पुसून घेतले की दरजा उठून दिसतात.

दुसरी पद्धत चिकटपट्टीची. जिथे उंची वाढवायला जागा नाही, तिथे हीच बरी. घरातील माणसांनी मिळून करण्यासारखी आहे, कारण तिला ताकदीपेक्षा चिकाटी लागते. यात जुन्या कोब्याचा करडा रंगच दरज म्हणून वापरायचा. तो डागाळलेला असेल तर आधी सिमेंट आणि बारीक वाळूचा पातळ हात मारून दोन दिवस सुकू द्यावा. मग दोरी आणि खडूने आखणी करून अर्धा इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी विटांच्या दरजांवर चिकटवत जायची. तिच्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग अगदी बारीक चाळलेली वाळू, रंग आणि पाण्यात मिसळलेले एस.बी.आर. लेटेक्स असा माल जेमतेम आठवा हिस्सा इंच जाडीने थापीने ओढायचा. हे दुधासारखे द्रव्य बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळते आणि पातळ थराला पकड देते. त्याच्याविना एवढा पातळ थर टिकणार नाही. त्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, तेच पाळावे. माल आवळू लागला, पण कडक झाला नाही, अशा वेळी पट्ट्या अलगद ओढून काढायच्या. खालच्या करड्या रेघा उघड्या पडतात आणि लाल विटा मांडल्यासारख्या दिसतात. उशीर झाला तर पट्टीबरोबर विटेचे कानेकोपरेही निघून येतात, म्हणून चार-पाच फुटांच्या टप्प्यांनीच काम करावे. साठ चौरस फुटांना दहा-अकरा किलो सिमेंट आणि अर्धा किलो रंग पुरतो. खर्च होतो तो लेटेक्सचा.

आखणीत थोडे गणित आहे. आपली जुनी वीट नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद. दरज धरून हेच माप घेतले तर तीन फुटांच्या रुंदीत चार विटा बरोबर बसतात आणि साठ चौरस फुटांत सुमारे 213. एका आड एक ओळ अर्ध्या विटेने सरकवली की साधी वीण. त्याहून देखणी चटईची वीण. दोन विटा उभ्या, दोन आडव्या, असे नऊ-नऊ इंचांचे चौकोन. साडेचार दुणे नऊ, म्हणून ती कोठे अडत नाही. माशाच्या काट्यासारखी तिरकी वीण फार सुंदर दिसते, पण तिच्यात कडेचे तुकडे फार, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. सुरुवातीची रेषा काटकोनात आहे ना, हे पाहायला एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजावे. तिरके अंतर पाच फूट भरले की काटकोन बरोबर. शाळेत शिकलेले हे गणित मुलांना येथे प्रत्यक्ष दाखवता येते. आणखी एक सुचवावेसे वाटते. भट्टीतल्या सगळ्या विटा एका रंगाच्या कधीच नसतात. चिकटपट्टीच्या कामात दोन-तीन घमेल्यांत थोडा थोडा वेगळा लाल रंग करून तो विखरून वापरला, एखाद्यात चिमूटभर काळे ऑक्साइड टाकले, तर वाट जिवंत दिसते.

मग खऱ्या विटाच का बसवू नयेत? बसवाव्यात, जागा असेल तर. पण वीट आणि खालचा माल मिळून वाट चार इंचांनी वर येते, आणि बहुतेक उंबरे एवढी उंची सोसत नाहीत. शिवाय वीट कोठे वापरायची आहे यावर तिची निवड ठरते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, विटांचे बांधकाम असलेले त्रिविक्रम मंदिर आजही उभे आहे. त्याचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार आहे, आणि त्या घडणीवरून अनेक अभ्यासक ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानतात. पाण्यावर तरंगणाऱ्या विटांसाठीही तेर प्रसिद्ध आहे. भाताचा तूस मिसळून भाजल्याने त्यांच्या अंगात पोकळ्या राहतात, असे सांगतात. वजन कमी करण्यासाठी अशा विटा उत्तम. पायाखाली मात्र घट्ट, खणखणीत भाजलेली वीटच हवी. बाजारात सहज मिळणारी कच्चट वीट पाणी शोषते, तिच्यावर शेवाळ धरते आणि कडा झिजतात.

तयार कोब्यावर कटर मशीनने विटांच्या रेषा कापून वर रंग मुरवण्याचीही एक पद्धत आहे. काम झटपट होते आणि कंत्राटदार तीच सुचवतात. याबाबत मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. कोरडे काँक्रीट कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुफ्फुसात जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. तोंडाला रुमाल बांधल्याने हे कण अडत नाहीत. मशीन धरणारा पोरगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, रोजावर आलेला. कापायचेच असेल तर पाण्याची धार सोडून कापण्याचे यंत्र असणाऱ्यालाच काम द्यावे आणि कापणाऱ्याला योग्य मास्क असल्याची खात्री करावी. नाही तर पहिल्या दोन पद्धती आहेतच. सिमेंट-रंग हाताने कालवणाऱ्या बिगारी भगिनीला रबरी हातमोजे द्यावेत. सिमेंटमुळे हाताला पडणाऱ्या चिरा आणि खाज ही कामाची सवय म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. त्या मोज्यांची किंमत आपल्या विटांच्या हौसेपुढे काहीच नाही.

मुहूर्त पंचांगात पाहायचे कारण नाही, आभाळात पाहावे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना पातळ थर तासाभरात कोरडा पडतो आणि केसासारख्या भेगांनी भरून जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर ऊन उतरल्यावर सुरू करावे. लाल कोब्याला किमान सात दिवस ओल हवी. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे पाणी भरण्याचा दिवस पाहूनच काम काढावे. वर पाण्याची तळी साठवण्याऐवजी भिजवलेली फडकी पसरावीत. थोड्या पाण्यात भागते आणि पांढरा लोणाही कमी फुटतो. नव्या गोणपाटाचे डाग पडतात, आणि प्लॅस्टिक थेट टाकले तर रंगावर ढग उमटतात. जुनी धुवट धोतरे, पांढऱ्या साड्या यासाठी उत्तम. रंग जाणारी चादर तेवढी नको. लेटेक्सच्या थराला एक दिवस ओल दिली की पुढे तो उघडा सुकू द्यायचा असतो. पाण्याची ओढाताण असलेल्या घरांना हा मोठा आधार आहे.

विहाराच्या आवारातील वाटेचा विचार वेगळा करावा लागेल. तेथे उपासक-उपासिका चपला काढून अनवाणी चालतात. चौदा एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा दोन्ही भर उन्हाळ्यात येतात. गडद लाल कोबा दुपारच्या उन्हात करड्यापेक्षा जास्त तापतो आणि लहान मुलांचे, वृद्धांचे पाय पोळतात. तेथे चालण्याचा मधला पट्टा फिकट ठेवून विटकरी रंग फक्त दोन्ही कडांच्या ओळींना द्यावा, किंवा पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळे ऑक्साइड आणि थोडे लाल घालून फिकी वीट करावी. सावलीसाठी कडेला चार झाडे असतील तर फारच उत्तम.

गल्लीतील सार्वजनिक वाट महापालिकेची असते. तिच्यावर परवानगीशिवाय थर चढवू नये. आपल्या थराने पाणी शेजाऱ्याच्या दारात वळले तर भांडण कायमचे.

एक फूट चौरसाचा नमुना कोपऱ्यात करून चार दिवस सुकू दिल्याखेरीज पूर्ण काम सुरू करू नये. ओल्या मालाचा रंग सुकल्यावर बराच फिका होतो, आणि गवंड्याने ‘बरोबर येईल’ म्हटले तरी तो दिसतो सुकल्यावरच. काम झाल्यावर मेण, तेल, चकाकणारे पॉलिश काही लावू नये. काथ्याच्या झाडूने पाण्याने झाडले की पुरे. उरलेले रंगीत सिमेंट पुढच्या पावसाळ्यात निकामी होते, ते जपून ठेवण्यात अर्थ नाही. पाव किलो ऑक्साइड मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि सिमेंट, वाळू, रंग यांचे जे प्रमाण वापरले ते झाकणाच्या आत लिहून ठेवावे. पाच-सात वर्षांनी एखादी वीट उडाली तर ती पुन्हा त्याच रंगाची करता येईल.